पाच-आठची फांदी

४ फेब्रुवारी, बुधवार

ही वही कागदाची घेतली ती मुद्दाम. कॉम्प्युटरवर लिहिलेलं दादाला वाचता येतं, कागदावरचं येत नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण निदान इथे तरी खरं लिहायचं असं ठरवलंय.

आज दादाने आवाज बदलला.

दादा माझा मोठा भाऊ. बाराव्या वर्षापासून त्याला दिसत नाही. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा जो प्रोग्राम तो वापरतो, तो आम्ही पंधरा-वीस जण आपापल्या घरी बसून हौसेने बनवतो. अकरा वर्षांपूर्वी त्यात आपल्या भाषेचा आवाज नव्हता, तेव्हा तो मी दिला. तीन आठवडे कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून चार हजार वाक्यं बोलले. तेव्हापासून दादाच्या बातम्या, पत्रं, औषधांची माहितीपत्रकं, सगळं माझ्या आवाजात. आज सकाळी चहा घेऊन त्याच्या खोलीत गेले, तर आत दुसरीच बाई बातम्या सांगत होती.

"कसा वाटतो?" दादा म्हणाला. "एकेक अक्षर वेगळं ऐकू येतं."

"छान आहे," मी म्हटलं आणि चहा ठेवून बाहेर आले.

आवाज कोकिळेचा आहे. हे तिचं नाव नव्हे, मी ठेवलेलं आहे आणि फक्त या वहीपुरतं आहे. सात महिन्यांपूर्वी आमच्यात आली. अठ्ठावीस वर्षांची आहे. मला ताई म्हणते, चूक दाखवली की "थँक्यू ताई" म्हणते, आणि सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाली आहे. मी तिला प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. तरी उठता-बसता तीच डोळ्यांसमोर असते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाला नोकरी लागली. खरं तर पानभर एवढंच लिहायला हवं. सहा वर्षं घरी बसला होता, अर्जामागून अर्ज केले, आणि आता वीज गेल्याच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत फोनवर काम मिळालं. सोळा तारखेपासून दोन आठवडे बघणार, जमलं तर कायम. एका कानात तक्रार करणारा माणूस, दुसऱ्या कानात स्क्रीनवरचा त्याचा पत्ता, आणि तो पत्ता लगेच दुरुस्तीच्या गाडीला कळवायचा. "तिथली मशीनं जरा म्हातारी आहेत," दादा म्हणाला, "पण आपला प्रोग्राम चालतोय."

मला इतका आनंद झाला की काय बोलावं सुचेना. मग तो सहज म्हणाला, "सकाळीच तिला सांगितलं, तीही अशीच गप्प झाली."

तिला सकाळी सांगितलं. मला दुपारी, जेवताना. आवाज तपासायला चांगला कान हवा म्हणून दादाचा नंबर तिला मीच दिला होता. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

जेवता जेवता म्हणाला, "ठमे, वेग वाढवला की एक गंमत होते बघ. एकच आकडा लागोपाठ दोनदा आला की दुसरा गिळला जातो."

"मग वेग कमी कर."

"तिथे कमी करून कसं चालेल?"

"तर तो नवा आवाज काढून टाक. माझ्या आवाजाने कधी काही गिळलं नाही."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "तुझा आवाज अकरा वर्षांपूर्वीचा आहे गं. तू आता तशी बोलत नाहीस."

"म्हणजे कशी?"

"काही नाही. भाजी वाढ जरा."

९ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी तीन वाजता फांद्या गोठवल्या. नवं काम सगळे खोडात, म्हणजे प्रोग्रामच्या मुख्य प्रतीत, करतात. नवी आवृत्ती काढायची वेळ आली की खोडातून फांदी, म्हणजे वेगळी प्रत, काढायची आणि ती सांभाळायची, हे काम माझं. सध्या दोन फांद्या आहेत: सहा-दोन ही नवी, आणि पाच-आठ ही जुन्या मशीनवाल्यांसाठी. खोडातली एखादी दुरुस्ती पाच-आठलाही हवी असेल तर ती तेवढी उचलून तिथे लावायची, त्याला आम्ही वेचणं म्हणतो. एकदा गोठवलं की आवृत्ती बाहेर पडेपर्यंत, म्हणजे यंदा सत्तावीस तारखेपर्यंत, वेचणं बंद. अपवाद करायचा की नाही ते मी ठरवते, कारण आवृत्तीवर शिक्का मारायची किल्ली माझ्याकडे आहे. किल्ली म्हणजे एक लांबलचक सांकेतिक मजकूर, तो दुसऱ्या कोणाकडेही नाही. म्हणून मला सगळे माळीणबाई म्हणतात.

मुकादमाचा फोन आला. प्रोजेक्ट त्याने सुरू केला, म्हणून तो मुकादम. इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आला. "माळीणबाई, किल्ली दोघांकडे असलेली बरी. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी आजारी पडत नाही."

"ती शिकायला तयार आहे."

तयार असणारच. आधी आवाज, मग भाऊ, आता किल्ली. मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास ओटा घासत बसले. ओटा स्वच्छच होता.

११ फेब्रुवारी, बुधवार

मागणी क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. मागणारी कोकिळा.

आकडे वाचून दाखवायचा कोड माझा आहे. अकरा वर्षांत त्याला कोणी बोट लावलेलं नाही. तिने तो उघडला, आणि तिचं म्हणणं असं की वेगात वाचताना शब्दांमधली रिकामी जागा कापताना आपला प्रोग्राम दुसरा सारखा आकडाही कापतो. आवाज कुठलाही असो, वेग वाढला की हे होणारच. तीन ओळींची दुरुस्ती. मुकादमाने ती खोडात घेऊनही टाकली, वर "वा" असं लिहिलं. मला अकरा वर्षांत त्याने "वा" लिहिलेलं आठवत नाही.

आता ती म्हणते हे पाच-आठवर वेचा. "एक वापरणारे आहेत. कामाच्या ठिकाणी त्यांना जुनंच मशीन आहे आणि बदलून मिळणार नाही. पुढच्या आठवड्याच्या आत मिळालं तर फार उपकार होतील."

दादाने मला जेवताना जे सांगितलं तेच तिला सांगितलेलं दिसतं, आणि ही बाई लगेच माझ्या कोडमध्ये शिरली. वर एक वापरणारे म्हणे. ना नाव, ना पत्ता. स्वतःला मिरवायचं असलं की असा एखादा निनावी माणूस पुढे करायला बरा पडतो.

मी उत्तर लिहिलं: "फांदी गोठली आहे. एका माणसासाठी ती हलवता येणार नाही. संबंधितांनी वेग कमी करावा किंवा मशीन बदलावे."

तीनदा वाचून पाहिलं. चांगलं जमलंय. नेमकं नियमावर बोट ठेवलंय आणि राग कुठेही दिसत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मुकादमाला मदतीच्या पानावर शुद्धलेखनाची एक चूक सापडली. "घेऊन टाकता का पाच-आठवर? लाज वाटते वाचताना." घेतली. एका वेलांटीचा प्रश्न होता.

संध्याकाळी दादा माझ्या टेबलापाशी येऊन बसला. कितीतरी महिन्यांनी आला. "ठमे, हे गोठवणं म्हणजे नक्की काय असतं गं?"

मला इतकं बरं वाटलं. अर्धा तास समजावत होते. शेवटच्या दिवसांत घाईने काही आत घेतलं की दुसरंच काहीतरी बिघडतं, म्हणून दार लावून घ्यायचं, वगैरे.

"आणि कोणाला फारच नड असली तर?"

"प्रत्येकालाच फार नड असते. नियम सगळ्यांना सारखा."

"बरोबर आहे," दादा म्हणाला. "सारखाच हवा."

कोकिळेचं मागणं त्याच्या कानावर गेलं असेल तर तो माझ्या बाजूने आहे हे आज कळलं. शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचंच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. इस्त्रीचा शर्ट, नवी काठी. मी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले, तिथून त्याने मला परत पाठवलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दादा दमून येतो. वेग कमी ठेवला की रांग लांबते, म्हणून तिथल्या वरिष्ठ बाई रागावतात. वाढवला तर काय होतं, हे मी विचारलं नाही. "होईल सवय," एवढंच म्हणाला.

आल्या आल्या तिला फोन. दार लोटून घेतो. मी कपडे घडी करायला म्हणून बाहेरच्या खोलीत बसले. आतून आवाज येत होता, "आठ आठ. नाही, आता एकच आला. परत म्हण. सात सात. हं, आता किंचित थांबल्यासारखं वाटलं." मग तीच आकडेमोड पुन्हा. पंचेचाळीस मिनिटं. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे कसले खेळ सुचतायत कळत नाही. माझ्याशी पाच मिनिटं बोलायला त्याला त्राण नसतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दादा साडेअकरालाच घरी आला. काठी कोपऱ्यात ठेवली, बूट काढले आणि बूट हातात घेऊन तसाच खुर्चीत बसला.

"उद्यापासून येऊ नका म्हणाल्या बाई."

काल एका दवाखान्याची वीज गेली. घर क्रमांक एक-एक-आठ-आठ. दादाच्या कानात आलं एक, आठ. गाडी अठरा नंबरला गेली. तिथे दिवे चालू होते, म्हणून तक्रार खोटी असं लिहून परत आली. खरा प्रकार कळेपर्यंत चार तास गेले आणि फ्रीजमधल्या लसी फेकून द्याव्या लागल्या. "कोणाच्या जिवावर बेतलं नाही, एवढं नशीब," दादा म्हणाला. ते बूट मी त्याच्या हातातून काढून घेतले.

मग माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी सरळ कोकिळेला फोन लावला. पहिल्यांदाच. म्हटलं, "तुझ्या आवाजाने आकडे गिळले. माझ्या भावाची नोकरी गेली. आता तरी समाधान झालं ना?"

ती म्हणाली, "ताई, अकराशे सत्तेचाळीस दादांचीच होती."

"काय दादांची होती?"

"मागणी. ते वापरणारे म्हणजे दादाच. मी नाव घालत होते, पण त्यांनी घालू दिलं नाही."

यापुढे तिला पुष्कळ काही बोलता आलं असतं. बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दादाला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस वेग कमी कर."

"मागणी तुझी आहे हे का नाही सांगितलंस?"

"मग तू घेतली असतीस."

"घेतलीच असती."

"म्हणूनच," दादा म्हणाला. "मी प्रोग्राम वापरणारा म्हणून मागितलं, ठमे. माझ्यासारखे किती जण आहेत बाहेर. त्या सगळ्यांच्या घरात कुठे माळीण आहे?"

मी म्हटलं, पण नियम होता. माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

"नियम असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. तुझं उत्तर ऐकलं तेव्हा खरं सांगू, मला जरा बरंच वाटलं. ठमी कोणाची भीड धरत नाही म्हटलं. संध्याकाळी मुद्दाम तुझ्यापाशी येऊन बसलो, नियम नीट समजून घेतला. मग खोलीत जाऊन बघतो तर त्याच दिवशी तू मुकादमांची वेलांटी घेतलेली."



माझं उत्तर त्याने ऐकलं ते तिच्या आवाजात. संबंधितांनी वेग कमी करावा किंवा मशीन बदलावे. संबंधित शेजारच्या खोलीत बसला होता आणि अर्ध्या तासाने माझ्यासमोर जेवायला आला.

आता खरं लिहायचं तर मला ओळखता आलं असतं. जुनं मशीन, पुढचा आठवडा, गिळलेले आकडे, सगळं समोर होतं. दुसऱ्या कोणी मागितलं असतं तर मी दहा मिनिटांत वेचून दिलं असतं. तिने मागितलं म्हणून मला ओळखायचंच नव्हतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी फांदी उघडली. ती तीन ओळींची दुरुस्ती वेचली, तपासली, शिक्का मारला, पाच-आठची सुधारलेली आवृत्ती दुपारी बाराला बाहेर पडली. एकूण चाळीस मिनिटं लागली.

दादाने वरिष्ठ बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, चूक माणसाची नसून प्रोग्रामची होती असं बनवणाऱ्यांनी लेखी दिलं तर पुन्हा विचार करू, पण पटायला हवं. लेखी देणार कोण? शिक्का ज्याचा, त्याने.

मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "मोघम लिहा. 'सदर दुरुस्ती राहून गेली' एवढं पुरे. तपशिलात शिरलात तर प्रोजेक्टची नाचक्की होईल."

लिहायला बसले. पहिला कागद: दुरुस्ती राहून गेली. आपल्याकडे किती सोय आहे. छत्री राहून जाते, फोन करायचा राहून जातो, करणारा कोणी नसतोच. दुसरा कागद: दुरुस्ती वेळेत समाविष्ट होऊ शकली नाही. ही म्हणजे बिचारी दारात ताटकळत उभी होती आणि तिला जमलं नाही. तिसरा कागद: दुरुस्ती अडवली गेली. दोन तास मी वाक्यातून स्वतःला बाहेर काढायच्या वाटा शोधत होते, आणि प्रत्येक वेळी नवीन वाट सापडत होती.

पाच वाजता कोकिळेचा फोन. दादाने सांगितलं असणार. "ताई, आपण दोघींच्या सहीने पाठवू. 'आम्ही' लिहू. मीही नीट पाठपुरावा केला नाही, गप्प बसले. सगळं तुमच्या एकटीवर कशाला?"

किती गोड बोलते. आणि माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखलं, अगदी पहिल्यासारखं. आवाज घेतलास, दादाच्या संध्याकाळी घेतल्यास, आता चुकीतही वाटा हवा? मी म्हटलं, "नको. ही माझी आहे."

फोन ठेवला आणि चौथा कागद घेतला. दुरुस्ती अकरा तारखेला तयार होती. ती आमच्या सहकारी बाईंनी केली होती आणि मागितली होती. मी अडवली. नियमाचे कारण दिले, पण दुसऱ्याच दिवशी तोच नियम मी मोडला. आपल्या कर्मचाऱ्याने जे ऐकले तेच सांगितले. खाली सही. मुकादमाला न दाखवता पाठवलं.

कुठल्या चांगुलपणाने लिहिलं असं कोणी समजू नये. तिच्याबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं म्हणून लिहिलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

साडेतीनला वरिष्ठ बाईंचा फोन आला. दादाला नाही, मला. कोरडा, कामाचा आवाज. मागे सतत फोन वाजत होते.

"तुमचं पत्र मिळालं. अशी पत्रं आम्हाला येतात. माणूस नोकरीवरून गेला की कोणीतरी त्याच्यासाठी लिहितं. एकच विचारायचं होतं. तुम्ही त्यांच्या कोण?"

दादा समोरच बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की बाईंचं बोलणं त्याला ऐकू जातंय. प्रोग्राम बनवणारी म्हणून सांगितलं असतं तरी खोटं नव्हतं. बहीण म्हटलं तर पत्राची किंमत शून्य, एवढं मलाही कळत होतं. पण पुन्हा शब्दांत वाट शोधायचा कंटाळा आला होता.

"बहीण," मी म्हटलं.

मागचे फोन वाजत राहिले.

"सख्खी?"

"सख्खी."

"आणि दुरुस्ती तुम्ही अडवलीत?"

"हो."

"भावाची आहे हे माहीत नव्हतं?"

"बघितलं असतं तर कळलं असतं. बघितलं नाही."

कागद उलटल्याचा आवाज आला. "भावाला वाचवायचं तर माणूस दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुढे करतो," बाई म्हणाल्या. "स्वतःचं कोणी लिहीत नाही. म्हणजे खरं असणार. दोन तारखेपासून पाठवा त्यांना. दोन आठवडे परत पहिल्यापासून मोजू. आणि नवीन आवृत्ती आमच्या मशीनवर कोण बसवणार?"

मी बसवणार म्हटलं. बाईंनी वेळ सांगितली आणि फोन ठेवला.

दादाने हात पुढे करून माझं डोकं चाचपलं, लहानपणी टपली मारायच्या आधी करायचा तसं, पण टपली मारली नाही. मग उठला, खिशातून फोन काढला आणि खोलीत गेला. कोणाला लावला ते विचारायची गरज नव्हती. त्याने माझ्यासमोर बसून हे ऐकलं होतं, तरी ही बातमी तोंडाने सांगायची ती तिलाच.

दार त्याने लोटलं होतं, नीट लागलं नव्हतं. मी कपड्यांच्या घड्या घालायला बसले. घड्या घालायला फक्त एक टॉवेल होता.

तो तिला सोमवारचं सांगत होता, बाईंचं सांगत होता. ती काहीतरी म्हणाली असावी, कारण तो जरा थांबला.

"नाही गं," दादा म्हणाला. "'आम्ही' नाही लिहिलं. 'मी' लिहिलं तिने."